झुंबरतात्यांच्या लग्नाला हरकत

तात्यांशी जे बोलतंय ते नक्की देवच आहे ना, ही काळजी करुणाला काही केल्या सोडत नव्हती. मेथी निवडताना ती काळजी यायची, स्कूटी चालू करताना यायची, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की हमखास समोर येऊन मांडी घालून बसायची. चर्चच्या मंडळीतल्या दुसऱ्या एखाद्या बाईने अशी तक्रार केली असती, तर करुणानेच तिला समजावलं असतं की अगं, देवाला मानणारा बाप मिळायला नशीब लागतं. पण त्या बायकांचे वडील देवाला मानत होते. झुंबरतात्या देवाचं ऐकत होते. या दोन्हींत फार फरक होता आणि तो घरच्यांना निस्तरावा लागत होता.

तात्या इंदापूर डेपोतले रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. करुणाची आई गेल्यापासून शेळगावच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. सकाळी उठले की खाटेवर बसून डोळे मिटायचे आणि मोठ्यांदा विचारायचे, "बोल प्रभू, आज काय?" डेपोत ड्युटी लावणाऱ्या बाबूला आजचा रूट कुठला म्हणून विचारावं, अगदी त्या सुरात. मग थोडा वेळ थांबायचे. त्या वेळात मनात जे येईल ते दिवस मावळायच्या आत करून टाकायचे.

एकदा ऐन उन्हाळ्यात त्यांना छत्री घेऊन बारामतीला जायला सांगितलं गेलं. कोणी सांगितलं हे विचारायची सोय नव्हती. आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नसताना हा माणूस काळी छत्री काखेत मारून एसटीत बसला, करुणाच्या दारात उतरला, दुपारी जेवला, संध्याकाळी छत्री घेऊन परत निघाला.

"तात्या, पण छत्री कशाला आणली होती?" करुणाने शेवटी विचारलंच.

"मला काय ठाव. आणायला सांगितली, आणली."

"मग तिचा उपयोग काय झाला?"

"उपयोग बघायचं काम माझं न्हाय."

पुढे त्या छत्रीचं काहीसुद्धा झालं नाही. करुणाने बरेच दिवस वाट पाहिली. कुणी आजारी पडलं नाही, कुणाचा जीव वाचला नाही, अवकाळी आला नाही. बी.कॉम. झालेल्या बाईला हे पचायला जड जातं. जमा आहे, खर्च आहे, आणि ताळेबंद जुळतच नाही.

करुणाची स्वतःची प्रार्थना अशी नव्हती. तिची प्रार्थना व्यवस्थित होती. "प्रभू, तुझीच इच्छा पूर्ण होवो," असं म्हणून ती सुरुवात करायची आणि मग ती इच्छा काय असावी हे देवाला समजावून सांगायची. नवरा सुमितची एमआयडीसीतली शिफ्ट बदलायची असेल, तर कुठली नको आणि कुठली हवी, कुठल्या साहेबाच्या मनात ते घालायचं, तो साहेब रजेवर असेल तर दुसरा कोण, हे सगळं देवाला आयतं मिळायचं. शेवटी आमेन म्हणून ती लगेच उठायची. उत्तरासाठी बसून राहणं तिला कधी सुचलं नव्हतं. गॅसवर काहीतरी असायचंच.

तात्यांचं शास्त्र एसटीतून आलेलं होतं. ते म्हणायचे, "मी सारी नोकरी म्होरं बघून केली. मागं कोण चढलं, कोण उतरलं, मला दिसत नव्हतं. कंडक्टरनं दोर वढला, एक घंटी आली की थांब. दोन घंट्या आल्या की हाल. का म्हणून कधी इचारलं न्हाय. देवाचं बी तसंच हाय."

"आणि मोरगावचं काय, तात्या?" करुणा म्हणायची. हे तिचं हुकमी हत्यार होतं.

मोरगावची गोष्ट डेपोत सगळ्यांना पाठ होती. एका बाजाराच्या दिवशी गाडी गच्च भरली होती. कुण्या उतारूने बाजाराची पिशवी टांगायला जागा नाही म्हणून ती घंटीच्या दोरालाच अडकवली. मोरगावच्या स्टँडवर कंडक्टर जोतीराम चहा प्यायला उतरला. पिशवीतल्या कोंबडीने अंग झाडलं, दोन घंट्या वाजल्या, आणि तात्यांनी मागे न बघता गाडी हाणली. जेजुरी जवळ आली तेव्हा कुणीतरी तिकीट मागितलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडीत कंडक्टरच नाही.

"तेव्हा दोर कंडक्टरने ओढला होता की कोंबडीने?" करुणा विचारायची. "तसंच हेही. तुमच्या मनात येतं ते देवाने घातलं की दुसऱ्या कशाने, हे कसं कळायचं?"

तात्यांना या प्रश्नाचा राग येत नसे. ते खुशीत येत. "पर म्होरं काय झालं ते सांग की! जोतीराम दुधाच्या टेम्पोत बसून मागनं आला. आमाला गाठलं, मला आईमाईवरनं शिव्या दिल्या, अन् परत गाडीत चढला. व्हय का न्हाय? म्हंजी मी चुकलो तरी ज्याची गाडी हाय तो गाडी सोडत न्हाय. मागनं येतोच."

"म्हणजे देव शिव्या देतो?"

"जोतीराम द्यायचा. देव नुसता बघतो. ते जास्त लागतं."

हे सगळं छत्रीपर्यंत होतं तोवर ठीक होतं. मग एके दिवशी दुपारी तात्यांचा फोन आला.

"सलाम, करुणे. जेवलीस का?"

"सलाम, तात्या. जेवले. तुम्ही?"

"झालं. मेघना कालेजात गेली का? बरं. मी लगीन करतोय."

करुणा खाली बसली. स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती, त्यामुळे ती पिठाच्या डब्यावर बसली.

नवरीचं नाव कुशाबाई. इंदापूरच्या मंडळीतलीच विधवा बाई, मूलबाळ नाही, आयुष्यभर शाळेत पोरांना खिचडी शिजवून घातलेली. करुणाची तिच्याशी ओळख म्हणजे उपासनेनंतर लांबून केलेला सलाम, तेवढीच. तिला दोन माणसांपुरता स्वयंपाक करताच येत नाही, अशी तिची ख्याती होती. डाळ टाकली की गल्ली जेवायची.

हे जुळलं कसं, तेही तात्यांनी मोकळेपणाने सांगितलं. एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, बोल प्रभू, आज काय, आणि मनात आलं, कुशाबाईकडे जा. एसटी पकडून ते गेले. तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "सलाम. प्रभूनं तुमच्याकडं पाठवलंय. कशाला ते सांगितलं न्हाय."

"मग बसा की, ड्रायव्हरसाहेब," कुशाबाई म्हणाली. "कळंल तवर भाकर खाऊन घ्या."

त्या दिवशी चिलापीचं कालवण होतं. उजनीच्या पाण्यातली ताजी मासळी. तात्यांनी भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, आणि म्हणे त्यांना कळलं.

करुणा दुसऱ्याच दिवशी शेळगावला गेली. "तात्या, एक सांगा. हे देवाने सांगितलं की कालवणाने?"

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आवाज एकाच बाजूनं येत हुता," ते म्हणाले.

"भूक लागली होती तुम्हाला!"

"व्हय. पर भूक तर रोजच लागती, पोरी. रोज कुठं मी लगीन करतो?"

घरी आल्यावर मेघनाने आगीत तेल ओतलं. "आई, म्हणजे माझ्याआधी आजोबांचं? करवली मीच ना? साडी कुठली घेऊ?" सुमितने हसू लपवायला तोंडासमोर मोबाईल धरला, पण तो उलटा होता.

ख्रिस्ती मंडळीत लग्न असं गुपचूप होत नाही. लागोपाठ तीन रविवार उपासनेत सर्वांसमोर त्याची घोषणा होते, आणि प्रत्येक वेळी पाळक विचारतात, कोणाची हरकत आहे का. पहिली घोषणा करुणाला कळेपर्यंत होऊनही गेली. दुसऱ्या रविवारी ती पहिल्या गाडीने इंदापूरला निघाली. रस्ताभर तिने हरकत चांगल्या भाषेत बांधली. वयोमान. एकाकीपणात घेतलेला निर्णय. प्रकृतीच्या गुंतागुंती. मधूनमधून तिने "प्रभू, तुझीच इच्छा" असंही म्हटलं, आणि इच्छेचा मसुदा पुन्हा एकदा वाचून दाखवला.

पाळकसाहेब तात्यांच्या निम्म्या वयाचे. घोषणा वाचून झाली तसं त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "या विवाहाला कोणाची कायदेशीर हरकत असल्यास त्यांनी आत्ताच सांगावी," आणि उत्तराची वाट न बघता गायनाचं पान उघडायला घेतलं. आजवर कुणी उठलंच नव्हतं.

करुणा उठली.

हार्मोनियमवाल्याला वाटलं बाई साक्ष द्यायला उठली आहे, म्हणून त्याने हलकासा सूर धरला. बायकांच्या बाजूचे सगळे पदर आणि पुरुषांच्या बाजूच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. करुणाच्या डोक्यात रस्ताभर रचलेलं वाक्य एकदम पुसलं गेलं. वयोमान गेलं, एकाकीपणा गेला, चांगली भाषाही गेली.

"त्यांना शुगर आहे!" ती ओरडली.

सूर थांबला. पाळकसाहेबांनी पुस्तकातला नियम शोधल्यासारखं केलं. "ताई, ही… ही हरकत नियमात बसत नाही."

"बसवू बी नका, पाळकसाहेब!" मागून एक म्हातारबा म्हणाले. "निम्म्या मंडळीची लग्नं मोडतील."

मंडळी खो खो हसली. बायकांतून कुशाबाईचा शांत आवाज आला, "मला ठाव हाय, पोरी. गुळाचा डबा मी गुरवारच्या प्रार्थनेला त्यांच्या घरी गेले तवाच माळ्यावर टाकलाय."

"तू टाकलास व्हय?" पुरुषांच्या बाजूने तात्या भर उपासनेत बोलले. "अन् मी घुशीवर आळ घेतला!"

आता तर पाळकसाहेबही हसले. एकटी करुणा तशीच उभी होती. तिला बसायचंही सुचत नव्हतं. तिचा श्वास वर लागला होता आणि डोळे भरले होते, आणि हसणाऱ्यांपैकी कुणालाच ते दिसलं नाही. दिसलं फक्त तात्यांना. ते उठले.

"पाळकसाहेब, म्होरच्या रविवारची घोषणा थांबवा."

"का हो, तात्या?"

"माझ्या पोरीला दम लागलाय."

उपासना सुटल्यावर तात्या तिला चर्चच्या मागे घेऊन गेले. "आता सांग. शुगर सोडून खरी हरकत काय हाय?"

करुणाला सांगता येईना. तोंड उघडलं की रडू येत होतं. आईचं नाव घ्यावं तर तात्यांनी आईचं किती केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटच्या आजारपणात तिची वेणी घालायलासुद्धा हाच ड्रायव्हर शिकला होता.

"बरं, ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तू व्हय म्हणशील तवर तिसरी घोषणा न्हाय. कदीच न्हाय म्हणलीस, तर कदीच न्हाय."

"आणि मग देवाने सांगितलंय त्याचं काय?"

"त्यानं गाडी ने म्हटलंय. पोरीला चेंगरून ने, असं न्हाय म्हटलं."

कुशाबाई त्यांच्या समोरूनच गेली. तिने काही विचारलं नाही, कुरकुर केली नाही. हातातला डबा, भला थोरला, त्यांच्या पायाशी ठेवला, "गार व्हायच्या आत खा," एवढंच म्हणाली आणि पदर सावरत रस्त्याला लागली. डब्यात दहा माणसांची खिचडी होती.

बुधवारी करुणाला राहवेना. ती शेळगावला गेली. मनात होतं, तात्या रुसले असतील, फुगले असतील, मग आपल्यालाही भांडता येईल. तात्या रुसले नव्हते. त्यांनी चुलीवर स्वतःच भाकरी थापली होती; ती एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने काळी होती. ती दुधात कुस्करून ते जेवायला बसले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. करुणाने एक डोळा उघडा ठेवला होता.

"प्रभू, भाकरीबद्दल तुझे उपकार. करुणाला जे दिसतंय ते मला दिसत न्हाय, ते मला दाव. मला जे दिसतंय ते तिला दाव. अन् दोगं बी आंधळी असलो तर हाताला धरून ने. आमेन." मग डोळे न उघडताच म्हणाले, "डोळा मीट, करुणे. लहानपणापास्नं तुझी हीच खोड हाय."

तिने बारामतीला परतताना भांडणाचे सगळे मुद्दे पुन्हा मोजून पाहिले. एकही वापरता आला नव्हता.

शनिवारी दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. "ताई, उद्याचं काय ठरलं? तात्या म्हणाले, तुम्हालाच विचारा."

"प्रार्थना करून सांगते," करुणा म्हणाली.

मंडळीत "प्रार्थना करून सांगते" याचा अर्थ "नाही" असाच असतो. वर्गणी द्यायची नसेल, स्वयंपाकाच्या कमिटीत यायचं नसेल, स्थळ पसंत नसेल, सगळ्यांवर हेच एक उत्तर चालतं. पाळकसाहेबांनाही ते माहीत होतं. ते बिचारे हळूच "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

करुणाने मोबाईल ओट्यावर ठेवला आणि तिला एकदम कसंतरी झालं. प्रार्थना करून सांगते, असं ती आजवर किती वेळा म्हणाली होती आणि त्यांपैकी किती वेळा तिने ती केली होती? तात्या छत्री घेऊन आले, कारण ऐकल्यावर जायचं असतं असं त्यांना वाटत होतं. ती तर देवाला बोलूसुद्धा देत नव्हती.

तिने गॅस बंद केला. वरण अर्धवट होतं, तरी बंद केला. जमिनीवर बसली, डोळे मिटले, आणि सवयीने म्हणाली, "प्रभू, तुझीच इच्छा पूर्ण होवो. म्हणजे असं, की…" आणि थांबली. पुढचं काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. हे फार अवघड गेलं. जीभ दोनदा सुटायला निघाली. शेवटी तात्यांच्या सुरात, मनातल्या मनात, तिने विचारलं, "बोल. आज काय?"

काही ऐकू आलं नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. आतल्या खोलीत मेघना कुणाशी तरी फोनवर हसत होती. करुणा बसून राहिली. आणि त्या रिकाम्या बसण्यात, कुणी ओरडून न सांगता, तिला तिची खरी हरकत दिसली. सकाळी गोळी घेतली का, दुपारी जेवलात का, रात्री कडी लावली का, असे तिचे तीन फोन रोज शेळगावला जायचे. उद्या त्या घरात गोळीची, जेवणाची, कडीची आठवण करणारं माणूस आलं, की तात्यांना तिची गरज उरणार नव्हती. देवाच्या आवाजाची परीक्षा वगैरे काही नव्हतं. तिला सुकाणू सोडायचं नव्हतं, आणि मजा अशी की ते तिच्या हातात कधीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ही जास्त टोचली. या सगळ्या प्रकरणात सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. पाळकांनी मंडळीला, मंडळीने तात्यांना, तात्यांनी करुणाला. कुशाबाईला कुणीच काही विचारलं नव्हतं. भर उपासनेत तिच्या लग्नावर हशा झाला, लग्न थांबलं, आणि ती खिचडीचा डबा ठेवून एकटी घरी गेली. गेले सहा दिवस ती काय करत असेल, हे करुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता आलं, आणि जाईना.

ती उठली. "मेघना, कुशाबाईंचा नंबर कुठे मिळेल गं?"

"माझ्याकडे आहे की," मेघना आतून म्हणाली.

"तुझ्याकडे? कशाला?"

"चिलापीची रेसिपी विचारली होती." मग जरा थांबून, "दोनदा. आज आत्ताही बोलत होते. आवाज बसलाय त्यांचा. सर्दी झालीय म्हणतात."

ती सर्दी कसली आहे ते करुणाला कळलं.

पाळकसाहेबांना फोन करणं सोपं होतं. हो म्हणायचं आणि ठेवायचा. पण तो आधी करून चालणार नव्हता. आधी हा. काय म्हणून हाक मारायची तेसुद्धा ठरत नव्हतं. बाई म्हणणं परकं होतं, आई म्हणवत नव्हतं. मावशी चालेल. काय बोलायचं ते बांधायला तिने सुरुवात केली, मग मागच्या वेळी बांधलेल्याचं काय झालं ते आठवून सोडून दिलं. एवढंच विचारायचं, की तुम्हाला माझे वडील पसंत आहेत का. आणि असले, तर उद्या उपासनेला माझ्या शेजारी बसाल का.

तिने हात पदराला पुसले आणि मेघनाकडून नंबर घेतला.